कोकरू थंड पडलं तर आधी ऊब, मग चीक

आमच्याकडे पुरंदरला फाल्गुनात दुपारी कितीही ऊन तापलं तरी पहाटे गारठा असतोच, आणि मेंढ्या नेमक्या त्याच वेळी वितात. कोकरू जन्मलं की पहिलं नाकातोंडातला चिकटा पुसा, मेंढीला चाटू द्या, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. एवढं सगळेच करतात. पण कोकरू मान टाकून पडलेलं दिसलं की लोक घाईघाईने बाटलीने चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, पाजतात, तिथंच घात होतो.

आधी तोंडात बोट घालून बघा. तोंड आतून गार लागलं आणि बोट चोखत नसेल तर पाजू नका, दूध फुफ्फुसात जातं आणि कोकरू हातचं जातं. कोरड्या गोणपाटाने खसाखसा चोळा, घोंगडीत गुंडाळा, बाजूला कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून ठेवा. मागच्या वर्षी एक जुळ्यातलं मी असं तासभर मांडीवर घेऊन बसले होते, शेवटी त्याने बोट धरून ओढलं तेव्हा जिवात जीव आला.

मग चीक, शक्यतो पहिल्या तास-दोन तासात. त्याआधी सडाच्या पहिल्या २-३ धारा काढून टाका, टोकाला मेणासारखं बूच असतं, ते नाही निघालं तर कोकरू नुसतंच चोखत राहतं आणि आपल्याला वाटतं प्यालं. ३ किलोच्या कोकराला पहिल्या पाजण्यात १५० मिली तरी पोटात जायला हवं. आणि मेंढीची वार (व्यायल्यावर बाहेर पडणारं गर्भाचं वेष्टण) लोंबत असेल तर ओढू नका, १२ तासात नाही पडली तर १९६२ या जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.