जनावराला कॅमेऱ्यासमोर आणताना: कोल्हापुरात चित्रीकरण करणाऱ्यांसाठी

दिवाळी पाडव्याची म्हशींची मिरवणूक ज्यानं कोल्हापुरात पाहिली आहे, त्याला या कामातलं निम्मं मर्म आधीच ठाऊक असतं. शिंगं रंगवलेली, अंगावर नक्षी, गळ्यात घुंगरू. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर मालक पुढं निघतो आणि म्हैस गर्दीकडं, फटाक्यांकडं न बघता त्याच्यामागं धावत येते. ती ऐकते ते त्या एका माणसाचं. दिग्दर्शकाचं ती ऐकणार नाही, कितीही मोठं नाव असलं तरी. म्हणून चित्रपट असो, मालिका असो की जाहिरात, जनावराइतकाच त्याचा माणूसही निवडावा लागतो.

कोल्हापूरला हे नवं नाही. शाहू महाराजांच्या काळात इथं शिकारी चित्ते सांभाळणारे चित्तेवान होते, हत्तींची साठमारी, म्हणजे हत्तीला डिवचून खेळायचा झुंजीचा खेळ होता. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच गावातली आणि 1929 साली प्रभात फिल्म कंपनीही इथंच सुरू झाली. आज मोरेवाडीच्या चित्रनगरीत किंवा आसपासच्या गावांत चित्रीकरण करणाऱ्याला जनावरं आणि ती जाणणारी माणसं दोन्ही हाताशी आहेत.

पहिलं काम: प्रसंग तपासा

पटकथेत जनावर काय करतंय ते वेगळ्या कागदावर उतरवा आणि तो कागद घेऊन गोठ्यावर जा. 'म्हैस नायिकेकडं रागानं बघते' असं वाक्य असेल तर गवळीमामा स्पष्टच सांगतील, असं काही होत नसतं. म्हैस पाणी पिते, हाकेला येते, रेडकू चाटते, रवंथ करते, धारेला उभी राहते. प्रसंग यातून बांधा. राग, लोभ, दुःख संकलनात आणि नटाच्या चेहऱ्यावर तयार होतं.

काही जनावरं पटकथेतून आत्ताच काढून टाका. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवायला व वापरायला केंद्र सरकारच्या 1998 च्या अधिसूचनेनं बंदी आहे. 2011 मध्ये त्या यादीत बैलही आला, त्यामुळं बैलाचा प्रसंग असेल तर प्राणी कल्याण मंडळाकडून आधी लेखी विचारून घ्या. नाग आणि आपला साधा हिरवा पोपट हे वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. ते हवेच असतील तर संगणकावर तयार करा. पक्षी पिंजऱ्यात दाखवायलाही मनाई आहे.

परवानगी

यात लोक सगळ्यात जास्त अडकतात. खेळ करणाऱ्या जनावरांच्या नोंदणीसाठी केलेल्या 2001 च्या नियमांनुसार चित्रीकरणाची जागा, तारीख आणि वेळ भारतीय प्राणी कल्याण मंडळाला किमान 4 आठवडे आधी कळवावी लागते. मंडळाचं कार्यालय आता हरियाणात बल्लभगडला आहे. अर्जासोबत मालकीचा पुरावा आणि पशुवैद्यकानं दिलेला तंदुरुस्तीचा दाखला लागतो. गाई-म्हशींच्या कानातला 12 अंकी बिल्ला आणि लाळ-खुरकुताची लस, कुत्र्याची रेबीजची लस यांच्या नोंदी गोळा करा. जनावर नेमकं काय करणार हे अर्जात जसं लिहाल तसंच सेटवर घडलं पाहिजे. 'चालते' लिहून पळवू नका. मंडळाचं प्रमाणपत्र नसेल तर पुढं सेन्सॉरला चित्रपट अडतो. पन्हाळ्यावर चित्रीकरण असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी.

जागेवर थांबायला शिकवणं

नट खडूच्या खुणेवर थांबतो. म्हशीलाही ते शिकवता येतं, फक्त घाई चालत नाही. गोठ्यातच एक गोणपाट अंथरा. मालकानं तिला त्यावर आणावं. पुढचे दोन्ही खूर गोणपाटावर पडले की त्याच क्षणी जिभेनं 'टक्' असा आवाज करावा आणि लगेच मूठभर सरकी पेंड द्यावी. आवाज उशिरा झाला तर म्हशीला वाटतं की मान हलवल्याबद्दलच पेंड मिळाली, आणि मग ती मान हलवत बसते. दिवसातून दोनदा, थोडा थोडा वेळ, ती कंटाळायच्या आत थांबायचं. ती आपणहून गोणपाट शोधायला लागली की त्याची एक घडी घाला. मग आणखी एक. शेवटी तळहाताएवढा तुकडा उरतो, तो मातीत दाबला की कॅमेऱ्याला दिसत नाही. काठी, वेसणीला हिसका यांनी म्हैस हलते खरी, पण दुसऱ्या दिवशी तीच जागा बघून अंग आखडते. मग तो प्रसंग गेलाच म्हणून समजा.

हे शिकवत असतानाच नटाला गोठ्यावर पाठवा. वैरण टाकू दे, हौदावर नेऊ दे, अंग चोळू दे. नटाच्या कपड्यांना गोठ्याचा वास लागला की म्हशीला तो परका वाटत नाही. सेटवर अत्तर बंद.

चित्रीकरणाच्या दिवशी

वेळापत्रक धारेभोवती बांधा. दुभत्या म्हशीची धार चुकली की कास ताणते, आणि घाबरलेली म्हैस पान्हा चोरते, कारण भीतीनं पान्हा सोडणाऱ्या संप्रेरकाचं काम अडतं. सकाळची धार झाली, वैरण-पाणी झालं की मग काम. म्हशीच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळं एप्रिल-मे महिन्यात दहाच्या आत आटपा, पुढचं काम ऊन उतरल्यावर. मध्ये सावली आणि अंगावर ओतायला भरपूर पाणी. टँकरचा खर्च निर्मितीच्या अंदाजपत्रकात आधीच धरा.

चित्रनगरीच्या गुळगुळीत फरशीवर खूर सरकतात. तिथं न घसरणारी चटई अंथरणं हा नियमच आहे, वर मातीचा थर द्या. परावर्तक फलक एकदम फिरवू नका, ड्रोन आधी लांबून दाखवा. घोडा आणि म्हैस दोघांनाही जवळजवळ चौफेर दिसतं, पण अगदी पाठीमागचं दिसत नाही. म्हणून मागून कुणी जायचं नाही. उन्हातून अंधाऱ्या गोठ्यात शिरताना जनावर दारात थबकतं. डोळे सरावेपर्यंत थांबावं, ढकलू नये.

म्हैस एकटी धावतेय असं हवं असेल तर पाडव्याचीच रीत वापरा. मालक मोटारसायकलवर चौकटीबाहेर पुढं, कॅमेरा दुसऱ्या गाडीत आडव्या अंगानं, रस्ता मातीचा, अंतर थोडकं. हाक आणि इंजिन ध्वनिमुद्रणात येणारच. खुरांचा आणि घुंगरांचा आवाज नंतर वेगळा घ्या.

सेटवर थांबायचं कधी हे ठरवायचा अधिकार मालकाला आणि पशुवैद्यकाला लेखी द्या. निवांत म्हैस टेकमधल्या वेळात रवंथ करते. रवंथ थांबला, कान ताठले, डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं की कॅमेरा बंद. त्यापुढचे टेक वायाच जातात आणि जनावराला त्रास होतो तो वेगळाच. नियमही सांगतो की विश्रांती न देता टेकवर टेक घ्यायचे नाहीत. शांत करायला गुंगीचं औषध देणं हा गुन्हा आहे.

घोडा आणि कुत्रा

ऐतिहासिक मालिकांत घोडा पाडण्याचा मोह होतो. 1939 साली हॉलिवूडच्या एका चित्रपटात घोड्याला कड्यावरून पाडलं, तो मेला, आणि त्या संतापातून 1940 पासून अमेरिकन ह्यूमेन संस्थेनं चित्रपटांतल्या जनावरांवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडं पायात तार अडकवून घोडा पाडायचा विचारही मनात आणू नका. दौडणारा घोडा, मातीत लोळणारा स्वार आणि रिकामं खोगीर, हे तीन वेगळे शॉट पुरतात. दगडी वाटेवर नाल ठोकलेलाच घोडा न्या, आणि तलवारी-भाले लाकडी किंवा रबरी ठेवा.

कुत्रा सोपा, पण तो सतत आपल्या माणसाकडं बघतो. नटाकडं बघतोय असं दाखवायचं तर शिकवणाऱ्याला नटाच्या खांद्यामागं बसवा, हातात उकडलेल्या चिकनचा तुकडा. लांबलचक चालणाऱ्या मालिकेसाठी सारखे दिसणारे दोन कुत्रे ठेवा. माणसाला ऐकू न येणारे बारीक आवाज कुत्र्याला ऐकू येतात. एखाद्या दिव्याजवळ तो उगाच अस्वस्थ झाला तर दिवा बदलून बघा.

काम संपल्यावर

जनावर घरी पोचल्यावर पशुवैद्यकाकडून पुन्हा तपासून घ्या, तो दाखला आणि जनावराच्या प्रसंगांचं चित्रीकरण मंडळासाठी वेगळं काढून ठेवा. पैसे त्याच संध्याकाळी द्या. त्यात दिवसाच्या भाड्यासोबत पुढचे काही दिवस कमी पडणाऱ्या दुधाची किंमतही धरा, कारण नव्या जागेहून परतलेली म्हैस लगेच पहिल्याइतकं दूध देत नाही, आणि गवळ्याचे रतीब मात्र ठरलेले असतात.