रानफुलांची बॉटनिकल चित्रं काढताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फक्त फोटोवरून चित्र काढणं. फोटो जवळ ठेवा, पण मोबाईलमध्ये पुढचं पान उगाच मोठं येतं आणि अभ्यासक तर तुमच्या चित्रावरून मापं बघणार असतो. 1678 ते 1693 मध्ये छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाच्या 12 खंडांतली चित्रं बघूनच लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्याकडच्या कितीतरी झाडांना शास्त्रीय नावं दिली, सुकवलेला नमुना त्याच्यापुढे नव्हताच, म्हणजे चित्र चुकलं असतं तर नावापर्यंत घोळ गेला असता.

आता आपला केना घ्या. निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत विरघळल्यासारखं होऊन जातं. मी सुरुवातीला आरामात पानं रंगवत बसायचे आणि फुलाकडे वळेपर्यंत हातात निळा चिकट ठिपका उरायचा. म्हणून आधी फूल, पानं नंतर, ती कुठे जात नाहीत. फुलाखालचं हिरवं आवरण नीट फिरवून बघा, ह्या केन्यात त्याच्या कडा एका बाजूला जुळून नरसाळं होतं, त्याच्या काही भाऊबंदांत ते नुसतं दुमडलेलं असतं, ओळख इथेच पटते. आणि माती उकरायला विसरू नका! केन्याला जमिनीखालीसुद्धा न उमलणारी फुलं येतात, तिथेच बी धरतं, आणि बहुतेक चित्रांत नेमकं तेच नसतं.

केना तण आहे म्हणून उपटा, पण कासच्या पठारावर किंवा कुठल्याही सड्यावर (कातळाच्या पठारावर) असं अजिबात करू नका. तिथल्या कंदीलपुष्पाचा (सेरोपेजिया) कंद काढला की झाडच गेलं. परवानगी घेऊन अभ्यासकांनी आणलेल्या, स्पिरिटमध्ये ठेवलेल्या फुलावर काम करा. ते उभं चिरूनच बघावं लागतं, कारण नळीतले केस आणि तळाशी असलेला करोना, म्हणजे मुकुटासारखा भाग, बाहेरून दिसतच नाही आणि जात ओळखायला तोच लागतो.

चित्र मूळ फुलापेक्षा किती मोठं काढलंय ते नुसतं ‘पाच पट’ असं लिहून सोडू नका. माझं चित्र छापताना लहान केलं आणि तो आकडा खोटा ठरला, सगळी मापं परत द्यावी लागली. बाजूला मिलिमीटरची स्केल रेघ काढा, ती चित्राबरोबरच लहानमोठी होते.

फूल एका झाडाचं आणि फळ दुसऱ्याचं घेतलं असेल तर तसं लिहा, आणि हर्बेरियममधल्या (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) नमुन्याचा नंबर त्याच दिवशी कागदाच्या मागे पेन्सिलने टाका.