जुनी गाडी घेतलीत? इंधनाच्या या चुका टाळा

मी घेतलेल्या एका सेकंडहँड गाडीच्या आधीच्या मालकाने मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "हिला कायम महागडंच पेट्रोल पाजलंय." मीही दोन महिने तेच पाजत राहिलो. मग एकदा गाडी धुताना टाकीचं झाकण उघडलं आणि आतला काळवंडलेला स्टिकर ओल्या फडक्याने पुसला. धुळीखालून अक्षरं निघाली: किमान ९१ ऑक्टेन. म्हणजे साधं पेट्रोल पुरत होतं.

तेव्हा पहिली चूक हीच, विकणाऱ्याच्या शब्दावर टाकी भरणं. आधी झाकणामागचा स्टिकर बघा, तो नसेल तर गाडीचं मॅन्युअल. दोन्ही म्हणजे दोन मिनिटांचं काम.

ऑक्टेनबद्दलचा गैरसमज तर जाता जात नाही. आकडा मोठा म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त, असं नसतं. सिलिंडरमध्ये दाबलं जाताना ठिणगीच्या आधी किंवा ठिणगीनंतर वेडंवाकडं पेट न घेता पेट्रोल किती तग धरतं, एवढंच तो सांगतो. ९१ वर खूश असलेल्या इंजिनाला ९७ पाजून सहसा फक्त खिसा हलका होतो. उलट टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ९५ लागत असताना ९१ टाकलं तर ते नॉक करतं, म्हणजे पेट्रोल असं वेडंवाकडं पेटून इंजिन टकटकतं. नॉक सेन्सर असेल तर गाडी ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन स्वतःला सावरते. तुम्हाला फक्त पिकअप आणि मायलेज पडलेलं जाणवतं. सेन्सर नसलेल्या जुन्या गाडीत ते कानाला कळतं. वरच्या गिअरमध्ये चढ घेताना अ‍ॅक्सिलरेटर दाबा. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी टकटक आली तर तोच नॉक. दुर्लक्ष केलंत तर पिस्टनपर्यंत प्रकरण जातं.

पण जुन्या गाडीत टकटकीचा दोष दर वेळी पेट्रोलचा नसतो. वर्षानुवर्षं जवळच्याच फेऱ्या मारलेल्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर कार्बन साचतो, त्याने कॉम्प्रेशन वाढतं आणि निखाऱ्यासारखे तापलेले ठिपके तयार होतात. एक टाकी वरच्या ऑक्टेनची भरून बघा. आवाज गेला, तरी त्यावर समाधान मानू नका. स्टिकरवरचंच पेट्रोल पूर्वी चालत होतं, आता का चालत नाही, हे मेकॅनिककडून तपासून घ्या.

परदेशातून आलेल्या गाडीत आणखी एक मेख असते. अमेरिकेत पंपावर दिसणारा आकडा दोन पद्धतींच्या मोजमापांची सरासरी असतो; बाकी बऱ्याच देशांत त्यातला मोठा, 'रॉन' आकडा लिहितात. अमेरिकेतलं ८७ म्हणजे साधारण ९१ रॉन. म्हणून अमेरिकन गाडीच्या स्टिकरवरचं ९१ बघून तुम्ही ९१ रॉन टाकलंत, तर गाडीला हवं त्यापेक्षा खालचं पेट्रोल दिलंत.

इथेनॉलचंही स्टिकरवरच शोधा. ई१० म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. गाडी ई५ पर्यंतच चालेल असं लिहिलं असेल तर रबरी नळ्या आणि सील आधी दाखवून घ्या. मायलेज थोडं घटलं तर घाबरू नका. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते.

सगळ्यात महागडी चूक मात्र डिझेल गाडीत पेट्रोल भरण्याची. नवी घेतलेली जुनी गाडी हाताला बसलेली नसते, त्यात एकच मॉडेल दोन्ही इंधनांत येतं. बहुतेक ठिकाणी डिझेलची नोझल जाड असते, पेट्रोल टाकीच्या तोंडात ती सहजी शिरत नाही. पेट्रोलची बारीक नोझल मात्र डिझेलच्या टाकीत आरामात जाते. कॉमन रेल, म्हणजे प्रचंड दाबाने इंधन फवारणाऱ्या आताच्या डिझेल इंजिनाचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. पेट्रोल ते वंगण धुऊन टाकतं, धातूवर धातू घासतो आणि निघालेला बारीक कीस इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. चूक कळली की किल्ली फिरवू नका. नुसती 'ऑन'वर नेली तरी बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप सुरू होतो. गाडी न्यूट्रलला ठेवून ढकलत बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करवून घ्या. "थोडंच गेलंय, वर डिझेल टाका, चालतंय" हा सल्ला जुन्या साध्या पंपांच्या जमान्यातला आहे.

आणि डिझेलच्या तोंडाशेजारी निळं झाकण दिसलं तर त्यात जातं ते धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण. ते डिझेलच्या टाकीत गेलं, तरी हाच उपाय.

गाडी अजून घ्यायचीच असेल आणि रोजची फेरी चार-पाच किलोमीटरचीच असेल, तर माझं मत पेट्रोलला. नव्या जमान्याच्या डिझेल गाड्यांतला काजळी अडवणारा फिल्टर साफ व्हायला धूर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. छोट्या फेऱ्यांत तो तेवढा तापतच नाही.

महिनोन्‌महिने उभी असलेली पेट्रोल गाडी घेतलीत तर टाकीचं झाकण उघडून वास घ्या. ताज्या पेट्रोलचा झणका न येता व्हार्निशसारखा आंबूस वास आला, तर गाडी सुरू करून बघण्याआधीच ते पेट्रोल काढून टाका.