दूध सोडताय? मग आधी बी-१२ चा रिपोर्ट आणा

इंदूरमध्ये राहून दूध-तूप सोडणं काय असतं ते मला विचारा. इथे शिकंजीसुद्धा लिंबाची नसते, घट्ट दुधाची असते, बाफला तुपात बुडवल्याशिवाय ताटात येत नाही आणि भुट्ट्याच्या किसातही दूध. तरी मी सात वर्षांपूर्वी सोडलं, मग ओळखीतल्या दहा-बारा जणांना सोडायला मदत केली, आणि त्यातल्या दोघांना पुन्हा सुरू करा असंही मीच सांगितलं. त्यामुळे ‘तीस दिवसांत व्हीगन बना’ (व्हीगन म्हणजे दूध-अंडी-मांस, प्राण्यांकडून आलेलं काहीच न खाणारे) टाइपचं काही वाचलं की डोकं फिरतं. बदामाच्या दुधाच्या कॉफीवर चार पानं आणि माणूस खरंच जिथे आपटतो तिथे एक ओळ.

अंडी-मटण सोडण्यावर मी काही लिहीत नाही. आपल्या शाकाहारी मराठी घरांत गाडी अडते ती दुधावर, म्हणून तेवढंच.

फायदे खरे आहेत. साय, तूप, पनीर गेलं की सॅच्युरेटेड फॅट कमी होतं, डाळी-भाज्या वाढल्या की फायबर वाढतं आणि दोन्ही मिळून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, खाली येतं. आमच्या ह्यांचं १५८ होतं, वर्षभरात १२१ झालं. पण हे कधी, तर दुधाच्या जागी डाळ-भाजी आली तर. माझ्या भाच्याने दूध सोडलं आणि पोहे-जिलबी, कचोरी, शेव आणि थंडीत तळलेला गराडू (इथला एक कंद) यावर सहा महिने काढले. मावशी, सगळं झाडाचंच आहे ना, म्हणे. सहा किलो वाढला.

आता कामाला लागा. पहिलं म्हणजे पाकिटं उलटी करून वाचा. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध चालतं, त्यामुळे बिस्किटांत ‘मिल्क सॉलिड्स’ निघतातच. २०२२ पासून एफएसएसएआयचे (खाद्यपदार्थांचे नियम करणारी सरकारी संस्था) व्हीगनसाठी वेगळे नियम आणि वेगळा लोगो आहे, तो दिसला तर प्रश्न मिटला.

दुसरं, प्रोटीन. याचा लोक फार बाऊ करतात. दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, सोबत पोळी-भात, आणि आठवड्यातून तीन-चारदा सोयाबीन, झालं. सोयाबीनच्या राज्यात राहतो आपण, देशाची सोयाबीन संशोधन संस्थासुद्धा आपल्या इंदूरलाच आहे, आणि घरात सोयाबडी आणली की मात्र सगळ्यांची तोंडं वाकडी. सोयादूध घरी करणार असाल तर भिजलेले दाणे उकळत्या पाण्यातच वाटा, गार पाण्यात वाटले की तो कच्चा वास येतो आणि मग काही केलं तरी जात नाही. नंतर चांगलं दहा-पंधरा मिनिटं उकळा, कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रोटीन पचू देत नाहीत.

तिसरं, बी-१२, म्हणजे रक्त आणि नसांना लागणारं व्हिटॅमिन. इथे मी स्वतः आपटले आहे, म्हणून जरा नीट वाचा.

मी सुरुवात केली तेव्हा सगळीकडे वाचलं होतं की लिव्हरमध्ये बी-१२ चा साठा असतो, काही वर्षं चिंता नाही. हे खरं आहे, पण आयुष्यभर मटण-मासे-अंडी खाऊन मग सोडणाऱ्याचं. तुम्ही-आम्ही जन्मापासून दीड कप दूध आणि वाटीभर दह्यावर चाललेले, आपला साठा मुळातच तळाला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने आसपासच्या गावांतल्या गरोदर बायका तपासल्या तर साधारण दोन-तृतीयांश जणींचं बी-१२ कमी निघालं, आणि त्यांनी काही दूध सोडलं नव्हतं! म्हणजे परदेशातला हिशोब आपल्याला लावायचाच नाही. आपण रिकाम्या टाकीवर गाडी काढतो.

पाचव्या महिन्यात माझ्या तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. वाटलं उभं राहून राहून होत असेल. मग एक दिवस सराफा बाजारात रात्री चालताना डाव्या पायातली चप्पल निघून मागे राहिली आणि मला कळलंच नाही, दहा पावलांवर मागून एक मुलगा ओरडला, आंटी चप्पल! तेव्हा घाबरले. डॉक्टरांकडे गेले, त्यांनी हिमोग्लोबिन बघितलं, १२.४, म्हणाले सगळं छान आहे, टेन्शन घेऊ नका. मी आणखी दोन महिने घालवले. शेवटी हट्टाने बी-१२ तपासलं तर ११८, २०० च्या बरंच खाली.

हिमोग्लोबिन चांगलं कसं, तर पालेभाज्या आणि डाळींतून फोलेट (हेही एक बी व्हिटॅमिन) भरपूर मिळतं, ते रक्त सांभाळून घेतं आणि तिकडे नसा मात्र बिघडत राहतात. म्हणून निव्वळ हिमोग्लोबिनवर विसंबू नका, कोणी कितीही मोठा डॉक्टर सांगो.

आणि त्या सगळ्या महिन्यांत मी काय घेत होते, तर स्पिरुलिना! डब्यावर बी-१२ लिहिलेलं होतं. त्यात असतं ते बहुतेक नकली बी-१२, दिसायला तसंच, शरीराच्या कामाचं नाही. इडलीच्या आंबवलेल्या पिठातून मिळतं, भाज्या कमी धुतल्या तर मातीतून मिळतं, हेही तसलंच. बी-१२ बॅक्टेरिया बनवतात, गाईच्या पोटातही तेच बनवतात, आपल्या ताटातल्या कुठल्याही भाजीत ते भरवशाने नसतं. गंमत बघा, ‘व्हीगन’ शब्द निघाला १९४४ ला आणि बी-१२ सापडलं १९४८ ला, म्हणजे पहिल्या मंडळींना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं. तुम्हाला माहीत आहे.

तर करायचं असं. दूध सोडण्याआधी, आणि कुठलीही गोळी सुरू करण्याआधी, रक्त द्या, कारण गोळी घेतल्यावर आकडा वर दिसतो आणि मग त्या रिपोर्टवरून काही कळत नाही. २०० च्या खाली आलं (युनिट बघा, पीजी प्रति एमएल) तर डॉक्टर इंजेक्शन किंवा मोठा डोस ठरवतील, तिथे स्वतःचं डोकं चालवू नका. २०० ते ३०० मध्ये असेल आणि लॅबने नॉर्मल छापलं असेल तरी खूश होऊ नका, होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासू का ते विचारा. रिपोर्ट चांगला असेल तर मोठ्या माणसाला रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० पुरतं. एवढा मोठा आकडा बघून लोक घाबरतात, रोजची गरज तर दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅमची. पण आतडं एका वेळी जेमतेम दीड-दोन नीट घेतं, त्यावरचं एखादा टक्का झिरपतं, बाकी निघून जातं. मेटफॉर्मिन (डायबिटीसची गोळी) किंवा रोजची ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर बी-१२ आणखी कमी शोषलं जातं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अजून एक. मेडिकलवाल्याला ‘नसांची गोळी द्या’ म्हणू नका. मला एकाने मिथाइलकोबालामिनसोबत (हे बी-१२ च) प्रीगाबालिन असलेली दिली, दुसऱ्या दिवशी गॅसवर कुकर ठेवून मी ओट्याशी उभ्या-उभ्या पेंगत होते. प्रीगाबालिन हे डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध आहे. गोळ्यांच्या पाकिटावर फक्त बी-१२ लिहिलंय ना, एवढं वाचा.

माझ्या मुंग्या जायला आठ महिने लागले, डाव्या अंगठ्याला अजून थोडं बधिर वाटतं. गरोदर असाल किंवा लहान मुलांचं दूध सोडवायचं मनात असेल तर माझं वाचून काही करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

बाकीचं पटकन. लोहासाठी पोह्यांवर लिंबू पिळता ते बरोबर, सी व्हिटॅमिनमुळे लोह जास्त शोषलं जातं, पण वरून लगेच कडक चहा घेतला की ते अडतं, तासभर थांबा (मला माहीत आहे, इंदूरमध्ये हे कोणी ऐकणार नाही). कॅल्शियमसाठी नाचणी, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तीळ. पालक मोजू नका, त्यातलं कॅल्शियम ऑक्सलेटमध्ये अडकलेलं असतं. जवस भाजून कुटूनच खा, अख्खं गेलं तसं बाहेर येतं. हेल्दी म्हणून सैंधव सुरू केलं असेल तर आयोडीन बंद झालं, रोजच्या भाजीत आयोडीनयुक्त मीठच घाला. डी व्हिटॅमिन दुधावाले पण कमीच असतात, तेही त्याच रक्तात तपासून टाका.

सासूबाईंचं दूध मी सोडवलेलं नाही, त्या ७९ च्या आहेत आणि रात्रीचा अर्धा कप त्यांचा हक्काचा. “अगं, मी तर दूध पिते, मला कशाला गोळी?” म्हणायच्या. त्यांचा रिपोर्ट माझ्यापेक्षा खाली आला, ९६. आता रविवारी पोहे झाले की दोघी मिळून घेतो.