जुन्या सायकलच्या फ्रेमचा गंज काढताना मूळ रंग कसा राखावा

वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने गंज निघतो, पण त्याच्याबरोबर मूळ रंग, सोनेरी रेघा आणि कंपनीचे स्टिकरही जातात. शिवाय खड्ड्यांच्या तळाशी, लगच्या (सांध्यावर नळ्या जोडणाऱ्या पोलादी बाहीच्या) कडेला आणि नळ्यांच्या आत ब्रश पोचतच नाही. मूळ रंग ठेवायचा असेल तर फ्रेम ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात बुडवून ठेवावी. हे ॲसिड गंजातले लोह विरघळवून पाण्यात ओढून घेते. उघड्या पोलादावर त्याचा मारा मंद असतो आणि धड असलेल्या रंगाला किंवा क्रोमला ते सहसा धक्का लावत नाही.

सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, हा दुसरा पर्याय. ते हाताळायला अधिक सुरक्षित आहे, पण पोलाद जास्त खाते, पृष्ठभाग काळपट करते आणि जुना रंग सैल करू शकते. रंग पूर्ण काढून नव्याने रंगवायचेच असेल तर दर लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक चालेल. हायड्रोक्लोरिक ॲसिड मात्र फ्रेमजवळ आणूच नये. त्यातले क्लोराइड लगच्या फटीत अडकून राहते आणि महिन्याभरात तिथूनच नवा गंज फुटतो.

आधी फ्रेम तपासा

पोखरलेल्या नळीवर कष्ट करण्यात अर्थ नाही. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या आडव्या नळीच्या) खालचा भाग, मागच्या चिमट्याची टोके आणि सीट ट्यूबचा (सीटखालच्या उभ्या नळीचा) तळ ही पाणी साठण्याची ठिकाणे. तिथे स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने हलके ठोकून पाहा. आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आवाज आला, किंवा टोक दाबल्यावर पत्रा आत गेला, तर ती फ्रेम रस्त्यावर नेण्याच्या लायकीची नाही. चांगल्या हलक्या फ्रेमच्या नळीची भिंत मध्यभागी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा खड्डासुद्धा गंभीर समजावा.

मग फ्रेम पूर्ण उघडी करा: पुढचा चिमटा, हेडसेटच्या (हँडल फिरते त्या बेअरिंगच्या) वाट्या, सीटपोस्ट म्हणजे सीटचा दांडा, बॉटम ब्रॅकेटचे कप, सगळे काढा. ब्रिटिश आट्यांच्या फ्रेममध्ये चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे तो सैल करायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो. जोर लावून चुकीच्या दिशेने पिळला की आटेच जातात. अडकलेल्या जागी पेनिट्रेटिंग ऑइल टाकून रात्रभर थांबावे.

ॲल्युमिनियमचे काहीही टाकीत जाऊ नये. नावाची पट्टी, रिव्हेट, केबलचे स्टॉप एकदा नीट पाहून घ्या. ॲल्युमिनियम डागाळते, जस्ताचा मुलामा तर पार निघून जातो. छर्रे, चेन, स्प्रिंग आणि स्पोकसुद्धा ॲसिडमध्ये घालू नयेत. कडक केलेल्या पोलादात ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो, ते ठिसूळ होते आणि पुढे कधीतरी पूर्वसूचना न देता तुटते. फ्रेमच्या नळ्या तितक्या कडक नसतात, म्हणून त्यांना हा धोका फारसा नाही.

तेल आणि ग्रीस उरले असेल तर ॲसिड गंजापर्यंत पोचत नाही. आधी रॉकेलने पुसा, मग गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने नळ्यांच्या आतूनही धुवा. धुतलेल्या फ्रेमवर पाणी टाकल्यावर ते थेंब न होता सलग पसरले, म्हणजे फ्रेम स्वच्छ झाली. गंजाचे सुटे पापुद्रे नायलॉनच्या ब्रशने झाडून टाका. जो गंज हाताने पडतो त्यावर ॲसिड खर्च करू नये.

टाकी

फ्रेम आडवी मावेल एवढी बादली मिळत नाही, म्हणून टाकी बनवावी लागते. सपाट जमिनीवर लाकडी फळ्या किंवा विटा लावून साधारण १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि १८ खोल असा चौकोन करा. त्यात जाड प्लॅस्टिकचा कागद दुहेरी अंथरा. खाली जुनी चादर टाकली तर खडा टोचून कागद फाटत नाही. १५ सेंटिमीटर भरली तर या टाकीत ९० लिटर पाणी लागते, आणि त्यातले बरेचसे फ्रेमच्या रिकाम्या त्रिकोणात वाया जाते. तिथे पाण्याने भरलेल्या, झाकण घट्ट लावलेल्या बाटल्या ठेवा. द्रावण साठ लिटरच्या आसपास येते.

टाकी सावलीत हवी, आणि वरून झाकलेली. विरघळलेल्या लोहाचे ऑक्झॅलेट प्रकाशाने मोडते आणि पिवळी, न विरघळणारी भुकटी होऊन फ्रेमवर बसते. पिवळा थर बसल्याच्या तक्रारीमागे बऱ्याचदा उन्हात ठेवलेली टाकी असते.

द्रावण

दर लिटर पाण्याला २० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, म्हणजे ६० लिटरला १२०० ग्रॅम. गंज वरवरचा असेल तर १० ग्रॅम पुरतात. ३० ग्रॅमच्या वर जाऊ नये: गंज फारसा लवकर निघत नाही, पिवळा थर मात्र हमखास बसतो. पाणी जड असेल तर त्यातला कॅल्शियम ॲसिडशी जुळून पांढरा गाळ होतो आणि तेवढे ॲसिड फुकट जाते. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले.

ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे, हे मनापासून लक्षात ठेवा. पोटात गेल्यास ते शरीरातल्या कॅल्शियमला बांधून मूत्रपिंडांना इजा करते, आणि त्याची धूळ नाका-घशाला झोंबते. रबरी हातमोजे, बंद चष्मा आणि भुकटी ओतताना मास्क, यांतले काहीही वगळू नका. डोळ्यात गेले तर निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. काम मोकळ्या हवेत करा. द्रावण उकळू नका. मापाचे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका आणि टाकी मुले व जनावरांच्या वाटेत ठेवू नका.

आधी थोड्या कोमट पाण्यात भुकटी प्लॅस्टिकच्या बादलीत ढवळून विरघळवा, मग टाकीतल्या पाण्यात ओता. सगळी फ्रेम बुडवण्याआधी बॉटम ब्रॅकेटच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी द्रावणात भिजवलेला बोळा दोन तास ठेवा. पारदर्शक झिलईचे रंग, काही लाल छटा आणि सोनेरी रेघा कधीकधी फिक्या पडतात. पडल्याच, तर त्या फ्रेमला टाकीत न घालता गंजलेल्या जागांपुरते बोळे लावून काम करावे.

बुडवणे

फ्रेम हळूहळू तिरपी करत बुडवा, म्हणजे नळ्यांतली हवा बाहेर येईल. हवेचा फुगा राहिला तर तिथला गंज जसाच्या तसा राहतो. पाण्याबाहेर डोकावणारा भागही ठेवू नये, कारण पाण्याच्या पातळीवर रेघ उमटते. दर दोन-तीन तासांनी फ्रेम उलटी करा.

हवा २५ अंशांच्या आसपास असेल तर वरवरचा गंज सहा-आठ तासांत जातो, खोल गंजाला २४ तास लागतात. थंडीत दुप्पट वेळ धरा. मधूनमधून फ्रेम काढून नायलॉनच्या किंवा पितळी ब्रशने घासली तर काम पुष्कळ लवकर होते, कारण वरचा सैल थर निघून खालच्या गंजाला ताजे द्रावण मिळते. पितळी ब्रश फक्त उघड्या धातूवर वापरा, रंगावर नाही. पाणी हळूहळू हिरवट-पिवळे होते. ते गर्द झाले आणि गंज मात्र हलेनासा झाला, तर ॲसिड संपले. जुन्या पाण्यात भुकटी टाकत बसण्यापेक्षा नवे द्रावण करणे बरे.

बुडबुडे मात्र फारसे यायला नकोत. एखाद्या जागेवरून सतत येत असतील तर तिथे जस्त किंवा ॲल्युमिनियम राहून गेले आहे.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी धरावी. ज्या रंगाखाली गंज शिरून फोड आले आहेत, तो रंग जाणार. ॲसिडने रंग खाल्ला असे वाटते, पण खरे म्हणजे त्याला धरून ठेवणारा गंजच निघून गेलेला असतो. क्रोमचेही तसेच: तपकिरी ठिपके जातात, उडालेले क्रोम परत येत नाही. खड्ड्यांच्या तळाशी काळा डाग राहिला तर हरकत नाही. तो लोखंडाचा काळा ऑक्साइड असतो आणि त्याच्यासाठी फ्रेम आणखी एक दिवस ॲसिडमध्ये ठेवू नये.

बाहेर काढल्यानंतरचा तास

इतके दिवस गंजाखाली झाकलेले पोलाद आता उघडे असते, आणि ओलसर हवेत त्यावर तासाभरात नारिंगी झाक येते. म्हणून पुढची सगळी तयारी फ्रेम बाहेर काढण्याआधीच करून ठेवा.

फ्रेम काढल्याबरोबर, द्रावण अंगावर वाळू न देता, भरपूर पाण्याने धुवा. वाळले की पिवळा थर बसलाच. बसलाच असेल तर अगदी सौम्य ताज्या द्रावणात, लिटरला ५ ग्रॅम, थोडा वेळ बुडवून अंधारातच ब्रशने घासून काढा. नंतर लिटरला ३० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेले पाणी फ्रेमवर आणि प्रत्येक नळीत ओता. नळ्यांना असलेल्या हवेच्या बारीक छिद्रांतूनही जाऊ द्या. फेस येणे थांबेपर्यंत हे करायचे. मग स्वच्छ पाणी, आणि शेवटी जितके सोसेल तितके गरम पाणी. गरम झालेले पोलाद स्वतःच लवकर वाळते. नळ्यांत हेअर ड्रायरची किंवा ब्लोअरची हवा सोडा आणि फ्रेम वेगवेगळ्या कोनांत टांगून आतले शेवटचे पाणी गळू द्या. बाहेरून लख्ख दिसणारी फ्रेम वर्षभरात बॉटम ब्रॅकेटपाशी पुन्हा गंजते, ती आत राहिलेल्या या पाण्यामुळे.

वाळल्यावर नळ्यांच्या आत उकळलेले (दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून तयार मिळणारे) जवसाचे तेल थोड्या टर्पेंटाइनने पातळ करून ओता, फ्रेम सगळीकडे फिरवा, उरलेले निथळू द्या आणि दोन-तीन दिवस सुकवा. या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेटतात. मोकळ्या जागी पसरून वाळवा, मगच फेका. बाहेरच्या उघड्या जागांना, रंग लावायचा नसेल तर मेण चोळा. रंग लावायचा असेल तर तेल-मेण काही न लावता त्याच दिवशी प्रायमर मारा. प्रायमर उद्यावर ढकलला तर सकाळी पुन्हा घासावे लागते.

वापरलेले द्रावण गटारात किंवा झाडांना तसेच घालू नये. त्यात विझवलेला चुना थोडाथोडा टाकत ढवळा. ऑक्झॅलेट पांढऱ्या गाळाच्या रूपाने तळाशी बसते आणि आंबटपणाही मरतो. लिटमस कागदाने तपासा, गाळ बसू द्या, वरचे पाणी भरपूर पाण्यात मिसळून सोडा. गाळ मात्र वेगळा भरून घातक कचऱ्यात द्यावा.