जुन्या चवीचा व्हॅनिला केक आणि बटरक्रीम
बटर, अंडी आणि दूध तासभर आधी फ्रीजबाहेर काढा. थंड अंड्यांनी मिश्रण फुटतं. तसं झालंच तर चमचाभर मैदा घालून फेटा.

७ इंची डब्याला बटर लावून तळाशी कागद घाला. १२५ ग्रॅम बिनमिठाचं बटर आणि १५० ग्रॅम पिठीसाखर पांढरट, हलकं होईपर्यंत निदान ५ मिनिटं फेटा. इथे घाई अजिबात नको, केकचा हलकेपणा या हवेवरच ठरतो. ३ अंडी एकेक करून घाला, मग १ चमचा व्हॅनिला इसेन्स. १५० ग्रॅम मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून, ४ मोठे चमचे दुधासह हलक्या हाताने मिसळा. मैदा दिसेनासा झाला की थांबा. घोटत राहिलात तर केक चिवट होतो.

आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका, केक मधोमध खचतो.

बटरक्रीमसाठी १०० ग्रॅम मऊ बटर, २०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, चमचाभर दूध आणि थोडा इसेन्स फेटा. केक पूर्ण गार झाल्यावरच लावा. उन्हाळ्यात क्रीम सैल पडलं तर साखर वाढवू नका, १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा फेटा.