लाईट गेली तरी वायफाय चालू, गिझर मात्र बंद

पावसाळ्यात कोकणात लाईट जाणं नेहमीचंच. मुंबईत बसून गावच्या घरातला कॅमेरा बघायचा, तर कॅमेऱ्याबरोबर राउटर आणि इंटरनेटची फायबर वायर जिथे येते तो डबा, दोन्हींना बॅकअप हवा. छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर राउटरला थेट वीज देणारा बॅटरीचा डबा, पुरतो. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टर उलटा करून बारीक अक्षरं वाचा: बरेच राउटर १२ व्होल्टचे, काही ९ चे. ९ च्या राउटरला १२ दिले तर जळू शकतो.

त्याहून महत्त्वाचा गिझर. त्याच्या स्मार्ट स्विचच्या अ‍ॅपमध्ये 'वीज परत आल्यावर' ही सेटिंग शोधून ती 'बंद'वर ठेवा, म्हणजे लाईट आली तरी गिझर बंदच राहील. आमच्याकडे ती 'चालू'वर राहिली होती. पहाटे लाईट आली आणि रिकाम्या घरात गिझर तापत राहिला.

खाऱ्या हवेने प्लगच्या पिना हिरवट पडतात, गावी गेलात की तेवढ्या बघा.